राजा-राणीच्या मृत्यूची जुनी स्मृतिपदकं: इतवारीतल्या चार नगांची पारख कशी करायची?

सक्करदरा_संग्रह

नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत सराफा ओळीजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात चार पदकं एकत्र विकायला आहेत. दुकानदार चारही पदकं 'राजाराणीच्या मृत्यूची' म्हणून सांगून राहिले आणि सगळ्यांचा मिळून एकच भाव लावून राहिले. सुटं द्यायला तयार आहेत, पण मग भाव चढतो. दोन दिवस पाहायला आणि मोजायला मिळणार आहेत.

पहिलं: मोठं, चांदीसारखं, साधारण ५५ मिमी. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला तरुण व्हिक्टोरिया. भोवती लॅटिन मजकूर. तरुण चेहऱ्याच्या बाजूला १८३७ आहे.

दुसरं: करड्या-पांढऱ्या रंगाचं, ३८ मिमी, वरच्या बाजूला भोक. राणीची जन्मतारीख २४ मे १८१९ आणि मृत्यूची २२ जानेवारी १९०१, दोन्ही इंग्रजीत.

तिसरं: कांस्याचं वाटतं. सातवा एडवर्ड, मृत्यू ६ मे १९१०. अक्षरांच्या खाचांत फिकट हिरवी भुकटी आहे.

चौथं: तपकिरी, फ्रान्सचा अठरावा लुई, साल १८२४. कडेवर धातूचं नाव कोरलंय आणि बाजूला शिंगासारखी बारीक आकृती आहे.

विचारायचं ते असं. यातली खरोखर मृत्यूची कोणती? पहिल्याची चांदी तपासायला सराफाला कस लावू द्यावा का? शेजारच्या टंच मशीनवर (क्ष-किरणांनी शुद्धता मोजतात ते) ते ८८ टक्के आलं, तेवढ्यावर भरवसा ठेवावा का? हिरव्या भुकटीचं काय करायचं? आणि याच विषयाचा संग्रह नव्याने करायचा झाला तर सुरुवात कशापासून करावी?

---

महाल_मुद्रा

पहिल्यापासून घेऊ. ते मृत्यूचं पदक नाहीच. म्हाताऱ्या चेहऱ्याभोवतीचा मजकूर नीट लावून वाचा: 'व्हिक्टोरिया आन्नुम रेग्नी सेक्सागेसिमुम फेलिकिटर क्लाउडिट', पुढे २० जून आणि रोमन आकड्यांत १८९७. अर्थ असा, की व्हिक्टोरिया आपल्या राज्याचं साठावं वर्ष सुखाने पूर्ण करते आहे. 'क्लाउडिट' म्हणजे मिटवते, बंद करते. एवढाच एक शब्द वाचून 'राणीचा अंत' असा अर्थ काढला जातो आणि मग पदक शोकाचं म्हणून विकलं जातं. प्रत्यक्षात हे लंडनच्या सरकारी टांकसाळीचं हीरक महोत्सवाचं पदक. तरुण चेहऱ्याभोवती 'लाँगिट्युडो दिएरुम' ने सुरू होणारी ओळ असेल. ती बायबलमधली आहे: तिच्या उजव्या हातात दीर्घायुष्य, डाव्या हातात वैभव. दीर्घायुष्याची ओळ मृत्यूच्या पदकावर कोण घालेल? राणी त्यानंतरही साडेतीन वर्षं जगली.

डोक्यावरच्या पदरानेही फसगत होते. तो शोकाचाच आहे, पण नवऱ्याच्या शोकाचा. प्रिन्स आल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला वारला आणि राणीने शोकवेष शेवटपर्यंत सोडला नाही. त्यामुळे तिच्या उतारवयातल्या बहुतेक पदकांवर हा पदर दिसतो. १८७७ चं 'भारताची सम्राज्ञी' पदकही याच कारणाने मृत्यूचं म्हणून खपवतात. ते ५८ मिमीचं, गळ्यात घालायचं, आणि मागे इंग्रजी, फारसी व नागरी अशा तिन्ही लिप्यांत किताब आहे. त्यावरची १ जानेवारी १८७७ ही तारीख नागपूरकराला वेगळी सांगायला नको. एम्प्रेस मिल त्याच दिवशी सुरू झाली आणि नावही त्याच किताबावरून घेतलं.

मृत्यूचं पदक ओळखायचं ते चेहऱ्यावरून नाही, शब्दांवरून. लॅटिनमध्ये 'ओबीइट' किंवा नुसतं 'ओबी' आणि टिंब, कधी 'देनातुस'. वय सांगायला 'एट' आणि पुढे आकडा. जर्मनमध्ये 'गेबोरेन' म्हणजे जन्मला आणि 'गेस्टॉर्बेन' म्हणजे वारला, बहुतेकदा 'गेब' आणि 'गेस्ट' एवढंच. किंवा जन्मतारखेआधी तारा आणि मृत्यूच्या तारखेआधी क्रूस. इंग्रजीत सरळ 'डाइड' किंवा 'इन मेमोरियम'. चित्रांत उलटी धरलेली मशाल, झाकलेला कलश, झुकलेलं विलोचं झाड, सरूची झाडं. शेपूट गिळणारा साप दिसला तर तो अनंतकाळाचा. एकटा असेल तर त्यावरून काही ठरवू नका.

खाजगी कारखाने राणीच्या चेहऱ्याचा एकच ठसा महोत्सवालाही वापरत आणि १९०१ ला फक्त मागचा ठसा नवा करत. म्हणून मागची बाजू आधी वाचायची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पदकावरची तारीख ही घटनेची असते, पदक पाडल्याची असेलच असं नाही. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ ला झाला. त्याचं प्रसिद्ध स्मृतिपदक रोटियर बंधूंचं आहे. ढगातून आलेल्या हातात स्वर्गीय मुकुट आणि खाली मेंढपाळाविना राहिलेल्या मेंढ्या. ते १६६० ला राजेशाही परत आल्यानंतरचं काम आहे. तरीही ते अस्सलच, फक्त १६४९ चं नाही.

तुमच्या चौथ्या पदकाची तीच गत. कडेवरचं शिंग म्हणजे पॅरिस टांकसाळीचं फळाफुलांनी भरलेलं शिंग. या टांकसाळीने १८३२ पासून कडेवर खुणा घातल्या: आधी दिवा, १८४१ ला नांगर (जहाजाचा), १८४२ पासून जहाजाचं नाक, १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी आणि १८८० पासून शिंग. लुई वारला १६ सप्टेंबर १८२४ ला. म्हणजे हा नग त्यानंतर किमान ५५ वर्षांनी पाडलेला. याला बनावट म्हणता येणार नाही, सरकारी टांकसाळीनेच पाडलाय. पण १८२४ च्या, कड कोरी असलेल्या नगाचा भाव याला द्यायचा नाही. कडेचा फोटो टाका, शिंगाची खूण पुसट असेल तर मधमाशीशी गल्लत होते.

---

टंच_आणि_कस

कस अजिबात लावू देऊ नका. कसोटीच्या दगडावर घासलं की कडेला किंवा उंच भागावर चपटा चकचकीत पट्टा पडतो आणि तो कधीच जात नाही. दागिन्याला ते चालतं, कारण दागिना पुन्हा वितळणार असतो. पदकाची किंमत पृष्ठभागात असते.

टंच मशीनच्या आकड्याबद्दल. क्ष-किरण वरच्या काही मायक्रॉनपुरतेच बोलतात. पितळेवर जाड चांदीचा मुलामा असेल तर मशीन चांदीच दाखवतं. आतलं तांबं-जस्त थोडं मिसळून दिसतं, म्हणून ८८ सारखा मधलाच आकडा येतो. खऱ्या जुन्या चांदीच्या इंग्रजी वस्तूवर ९२.५ च्या जवळ, आणि जुन्या पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलं असेल तर त्याहून थोडं जास्तही येतं. ८८ हा शंका घेण्यासारखा आकडा आहे.

घरी पाण्यात वजन करा. लागतं ते एवढंच: ०.०१ ग्रॅम दाखवणारा आणि किमान ३०० ग्रॅम पेलणारा काटा, काचेचा हलका पेला, बारीक नायलॉनचा धागा, आणि डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं). नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं.

आधी पदकाचं कोरडं वजन. मग पेल्यात पाणी घेऊन, भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकून, पेला काट्यावर ठेवा आणि शून्य करा. पदक धाग्याने अधांतरी धरून पूर्ण बुडवा. तळाला किंवा पेल्याच्या अंगाला टेकता कामा नये. आता काटा जो आकडा दाखवेल तो पदकाचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता.

उदाहरण: २७.३५ ग्रॅमचं पदक, काटा २.६४ दाखवतो. भागाकार १०.३६, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. तेवढ्याच वजनाचं जर्मन सिल्व्हर (तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण, यात चांदी नसते) ३.१८ दाखवेल, भागाकार ८.६.

ध्यानात ठेवायचे आकडे: चांदी ९२.५ टक्के १०.३६, शिसं ११.३, तांबं ८.९, कांस्य ८.८ च्या आसपास, पितळ ८.४ ते ८.७, कथलाचा पांढरा धातू ७.३ ते ७.४, जस्त ७.१, ॲल्युमिनियम २.७. ॲल्युमिनियमला हसू नका. १८९० नंतर ते नवलाईचं होतं आणि त्या काळची स्वस्त पदकं त्यातही निघाली.

चुका कुठे होतात? खाचांत बुडबुडे अडकले की आकारमान फुगतं आणि घनता कमी दिसते, लिक्विडचा थेंब त्याचसाठी. दुसरी चूक आपल्याकडच्या मे महिन्याची. ४० अंशांच्या पाण्याची घनता ०.९९२ असते, त्यामुळे उत्तर जवळपास एक टक्का जास्त येतं. १०.४४ आलं तर घाबरू नका, ०.९९२ ने गुणा. तिसरी: कडी डाक लावून जोडलेली असेल तर डाकेचं वजन मिसळतं, पण ३८ मिमीच्या पदकात त्याने फारसा फरक पडत नाही.

तिसरं पदक, ते हिरव्या भुकटीचं, पाण्यात घालू नका.

याच वेळी व्हर्नियरने व्यास दोन ठिकाणी मोजा, वर-खाली आणि आडवा. अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, एक ते दोन टक्के. ठशाखाली पाडलेल्या पदकाची अक्षरं पायथ्याशी कडक उभी राहतात. ओतीव नकलेत तिथे गोलसर उतार दिसतो, आणि दहापट भिंगाखाली सपाट भागात सुईच्या टोकाएवढी भोकं. कडेवर सगळीकडून कानस फिरलेली असेल तर साच्याची शिवण घालवली आहे असं समजा.

---

धंतोली_७२

थोडी भर, चांदीच्या छोट्या पदकांसाठी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला चांदीची शुद्धता तपासून खुणा मारल्या असतील तर कडेवर नांगर (जहाजाचा), चालणारा सिंह आणि सालाचं अक्षर असं दिसतं. अक्षर दर जुलैत बदलायचं. जुलै १९०० ते जून १९०१ ला छोटं 'ए', पुढच्या वर्षाला छोटं 'बी'. राणी जानेवारीत गेली, म्हणून लगेच काढलेल्या चांदीच्या पदकावर 'ए' असतं, जे यादीत १९०० असं दिलेलं असतं. 'मृत्यूच्या आधीचं अक्षर, म्हणून खोटं' असा निष्कर्ष काढू नये. टांकसाळीच्या स्वतःच्या पदकांवर या खुणा नसतात, त्यामुळे खूण नाही म्हणजे चांदी नाही असंही नाही.

---

सक्करदरा_संग्रह

सगळ्यांचे आभार. मोजमापं केली.

पहिलं: व्यास दोन्हीकडे ५४.८, वजन ६६.१, पाण्यात ७.८०. भागाकार ८.४७. कडेवर कानशीच्या आडव्या रेघा दिसतात.

दुसरं: ३८.१ मिमी, वजन १५.९, पाण्यात २.१७. भागाकार ७.३३. भोक राणीच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत आहे, अक्षराला लागलेलं नाही. मागे कडेला पांढरट पावडरीचे दोन ठिपके आहेत.

चौथ्याचं कडेवरचं शिंग स्पष्ट आहे, भिंगाखाली फळंही दिसतात.

दुसऱ्याबद्दल एक भीती: थंडीत कथील भुकटी होतं असं ऐकलं, हे ठिपके तेच का?

---

टंच_आणि_कस

पहिलं सोडून द्या, भाऊ. अस्सल मोठं पदक चांदीत साधारण साडेपंचावन्न ते छप्पन मिमीचं आणि ८४ ग्रॅमच्या आसपास असतं. तुमचं पाऊण मिमी तरी लहान आहे, म्हणजे दीड टक्का. लांबी-रुंदी-जाडी तिन्हीकडून दीड टक्का आकसलं की आकारमान साडेचार टक्के कमी होतं. ८४ ग्रॅम चांदीचं आकारमान ८.१ येतं, त्यातून साडेचार टक्के वजा केले की ७.७५. तुमचा काटा ७.८० म्हणतो. घनता ८.४७ पितळेची. व्यास, आकारमान, घनता आणि कानस, चारही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: अस्सल पदकावरून साचा घेऊन पितळेत ओतलेली नक्कल, वर चांदीचा मुलामा. टंच मशीनचा ८८ तो मुलाम्याचा.

दुसरं बरं आहे. ७.३३ म्हणजे कथलाचाच पांढरा धातू, आणि १९०१ ची लोकांसाठीची स्वस्त पदकं याच धातूत निघत. भोक कारखान्याचंच दिसतं. रिबीन लावून छातीला टाचायची पदकं अशी मोकळ्या जागेत भोक धरूनच आखलेली असत. नंतर कुणी छिद्र पाडलं की ते बहुतेकदा एखाद्या अक्षरावरून जातं आणि त्याच्या मागे धातूची कोर उठलेली असते.

पांढऱ्या धातूवरून आणखी एक. सतराव्या-अठराव्या शतकातल्या जर्मन कथील पदकांच्या मधोमध किंवा कडेजवळ तांब्याची गोल खिळी ठोकलेली दिसली तर ती दुरुस्ती समजू नका. ओतून नक्कल करणं अवघड व्हावं म्हणून ती पाडतानाच घातलेली असते. अशी खिळी दोन्ही बाजूंनी दिसायला हवी.

---

लक्ष्मीनगर_जतन

कथील भुकटी होण्याबद्दल आधी. शुद्ध कथील १३ अंशांखाली बराच काळ राहिलं तर ते करड्या भुकटीत बदलू शकतं, हे खरं. पण पदकाचा पांढरा धातू शुद्ध कथील नसतो. त्यात अँटिमनी, शिसं असतं आणि ते हा बदल अडवतात. नागपूरच्या थंडीच्या चार रात्रींत काही होत नाही. तुमचे ठिपके शिशाचे आहेत. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा आणि जुन्या चामडी डब्या यांतून सेंद्रिय आम्लाची वाफ निघते, ती शिशाला खाते आणि पांढरी पावडर वर येते. पदक डबीतून बाहेर काढलं की तिथेच थांबतं. घासू नका, मऊ कोरड्या कुंचल्याने उडवा. त्यातली धूळ शिशाची आहे, म्हणून खाली ओला कागद आणि नंतर हात धुणं.

आता तिसरं. लाकडी टूथपिकने भुकटीला टेकवा. कठीण, गुळगुळीत, गडद हिरवा थर असेल आणि टूथपिकने निघत नसेल तर तो साधा जंगाल आहे, त्याला हात लावू नका, तो पदकाचं रक्षणच करतो. पण फिकट, पोपटी, मऊ भुकटी असेल आणि ती झटकल्यावर खाली खड्डा दिसत असेल, तर ते क्लोराइडचं दुखणं आहे. तांब्याचं क्लोराइड ओलावा आणि हवा मिळाली की पुन्हा आम्ल तयार करतं, ते पुन्हा तांबं खातं. वरची भुकटी पुसून काही होत नाही, कारण मूळ खाली आहे.

यावर घरी करता येण्यासारखी एकच गोष्ट खात्रीची: कोरडेपण. हवेतला ओलावा ४० टक्क्यांच्या खाली ठेवला की ही प्रक्रिया थांबते. दोन लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा (पॉलिप्रॉपिलीनचा, डब्याखाली त्रिकोणात ५ लिहिलेलं असतं), त्यात ५० ग्रॅम सिलिका जेल जाळीदार कापडी पिशवीत, आणि एक छोटं आर्द्रतामापक. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या, ते ओलं झालं की हिरवं होतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, रंग परत येईपर्यंत. रसायनांचे उपचार आहेत, पण त्यातलं नेहमीचं रसायन अंगाला घातक आहे आणि पदकाचा मूळ तपकिरी रंगही बिघडू शकतो. ते संग्रहालयाच्या जतन-तज्ज्ञाकडे सोडावं.

कूलरबद्दल मुद्दाम लिहिते, कारण बाहेरच्या लेखांत हे सापडत नाही. आपल्याकडचा मे महिना धातूसाठी वर्षातला सगळ्यात चांगला असायला हवा, इतकी हवा कोरडी असते. पण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की खोलीतला ओलावा थेट पावसाळ्यासारखा चढतो, रात्री बंद केला की उतरतो. रोजची ही चढउतार धातूला वाईट. शिवाय कूलरच्या टाकीत नळाचं पाणी रोज आटत जातं आणि क्षार साठतात. कूलरसमोरच्या कपाटाच्या काचेवर जे पांढरे शिंतोडे दिसतात ते तेच क्षार, आणि त्यात क्लोराइड असतं. कूलरच्या खोलीत उघड्या काचपेटीत कांस्य ठेवू नका.

बाकी मनाई थोडक्यात: चिंच, लिंबू, भांडी उजळायची पावडर, टूथपेस्ट, काहीही नाही. तपकिरी रंग हा मळ नाही, टांकसाळीने मुद्दाम चढवलेला असतो. खाली उजळ तांबं दिसलं की पदक संपलं. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नका, ती पीव्हीसीची असतात आणि दोनचार वर्षांत पदकावर हिरवट चिकट थर येतो. तसा थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, पाच मिनिटं. गॅसपासून लांब, खिडकी उघडी. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. डांबराच्या गोळ्या, रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागदही दूर ठेवा. रबर आणि कागदातलं गंधक चांदी काळी करतं. मूळ डबी टाकू नका, पदक वेगळं ठेवा आणि डबी शेजारी.

---

महाल_मुद्रा

सुरुवातीच्या प्रश्नातला शेवटचा भाग राहिला: नवा संग्रह कुठून सुरू करावा. माझं स्पष्ट मत, पदकांच्या आधी जर्मन मृत्यू-नाणी घ्या. जर्मन संस्थानांत राजा वारला की त्याच्या नावाने चांदीचं नाणं काढायची जुनी रीत होती. जर्मन साम्राज्यातली उदाहरणं सहज मिळतात: सॅक्सनीचा आल्बर्ट, १९०२, त्याच्यामागून आलेला गेओर्ग, १९०४, बाडेनचा फ्रीडरिख, १९०७. दोन मार्क आणि पाच मार्क, दोन्हीत. फायदा असा की ही नाणी असल्याने वजन कायद्याने ठरलेलं: दोन मार्क ११.१११ ग्रॅम, २८ मिमी. पाच मार्क २७.७७७ ग्रॅम, ३८ मिमी. चांदी ९० टक्के. पाच मार्कचं नाणं पाण्यात २.७० च्या आसपास दाखवेल. वजन सांगता येतं, व्यास सांगता येतो, टांकसाळीचं अक्षर सांगता येतं (सॅक्सनीचं 'ई', बाडेनचं 'जी'). त्यावर हात आणि डोळा तयार झाला की मग ज्यांचं वजन कुठेच ठरलेलं नसतं अशा पदकांकडे वळा.

इंग्रजी पदकांसाठी लिलावाच्या याद्यांत 'बीएचएम' आणि 'आयमर' (ब्रिटिश पदकांच्या दोन छापील सूची) असे क्रमांक असतात. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पदकाचा क्रमांक शोधून त्याच धातूच्या, त्याच आकाराच्या नगांचे गेलेले भाव बघा. मागितलेले भाव बघू नका. धातू बदलला की भाव पूर्ण बदलतो. १९०१ चं पांढऱ्या धातूचं आणि चांदीचं पदक एकाच ठशाचं असलं तरी तुलना करायची नाही.

व्यवहार असा करा: पहिलं परत. दुसरं घ्या. चौथं १८८० नंतरचं म्हणूनच भाव ठरवून घ्या, आणि नोंदवहीतही '१८२४' एवढंच लिहू नका, 'घटना १८२४, पाडलं १८८० नंतर' असं लिहा. तिसऱ्यावर लक्ष्मीनगरच्या ताईंची टूथपिकची कसोटी लावूनच निर्णय.

---

सदर_कायदा

एक सूचना. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे, आणि १९०१ व १९१० दोन्ही तिच्या पलीकडे गेलेत. खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशी कंपनीकडे प्रतवारीसाठी पोस्टाने पाठवणं हीसुद्धा निर्यातच. त्यामुळे पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळ कार्यालयातून लेखी विचारून घ्या. घेताना पावतीवर वर्णन, व्यास आणि वजन लिहून घ्या, नुसतं 'जुनं मेडल, १ नग' नको.

---

सक्करदरा_संग्रह

तिसऱ्याची टूथपिक लावली. मागच्या बाजूच्या तारखेत, '६ मे' च्या शेजारी, भुकटी मऊ निघाली आणि खाली टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा आहे. समोर एडवर्डच्या गळ्याखालचा हिरवा थर मात्र कठीण आहे, निघत नाही. म्हणजे एकाच पदकावर दोन्ही प्रकार?

---

लक्ष्मीनगर_जतन

हो, दोन्ही एकत्र असतात, नेहमी दिसणारी गोष्ट आहे. गळ्याखालचा थर तसाच राहू द्या. तारखेजवळचा खड्डा एकच असेल तर पदक वाचवण्यासारखं आहे, भाव मात्र त्या खड्ड्याचा धरून ठरवा. घेतल्याबरोबर वेगळ्या डब्यात, दुसऱ्या कोणत्याही पदकाशेजारी नाही. आधी त्या जागेचा एक फोटो काढा, उजेड बाजूने तिरका पाडून, शेजारी मोजपट्टी ठेवून. पंधरा दिवसांनी तसाच दुसरा. खड्ड्याची कड जागच्या जागी असेल आणि नवीन पोपटी भुकटी नसेल, तर जेल काम करतंय.